न नांगरलेलं धान : देवभाताची गोष्ट



गणपती बसले की दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हे आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. परसातलं अळू, माठ, भोपळा, सुरण घालून भाजी करायची. आणि भात खायचा तर तो देवभाताचा. कोणी न पेरलेला, न नांगरलेला, तळ्याच्या कडेला पाणथळीत आपला आपण उगवलेला भात. कुठे त्याला देवधान म्हणतात. छत्तीसगडमधल्या बाया कमरछठच्या उपासाला असाच न नांगरलेला तांदूळ खातात, तिकडे त्याचं नाव पसहर. या पंचमीच्या मागे विटाळाची जी कहाणी सांगतात ती मला पटत नाही आणि मी ती माझ्या घरी सांगतही नाही. पण ताटातल्या त्या लालसर तांदळाची कहाणी मात्र सांगण्यासारखी आहे. ती चीन, फिलिपिन्स, तैवान असं फिरून आपल्या खाचरात येते.

संस्कृतात या रानटी भाताला नीवार म्हणत. ऋषिमुनींचं हे अन्न. कालिदासाच्या शाकुंतलात आश्रमाचं वर्णन आहे, तिथेही नीवाराचे दाणे आहेत. म्हणजे ऋषींच्या नावाच्या पंचमीला हा तांदूळ खाण्याची रीत फार जुन्या आठवणीतून आलेली असावी. १९६५ साली आपल्याच देशातल्या दोन शास्त्रज्ञांनी एका रानटी भाताला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा हाच शब्द वापरला : ओरायझा निवारा. हा वर्षायू असतो. पावसाने भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यात उगवतो, बी सांडून मरतो. त्याचा सख्खा भाऊ ओरायझा रुफिपोगॉन. त्याला बाराही महिने पाणी किंवा निदान ओल लागते, आणि तो बुडख्यातून पुन्हा पुन्हा फुटतो. हे दोन वेगळे की एकच, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आपल्या लोकांनी तो वाद घातलाच नाही. दोघंही देवाचेच.

आपण खातो तो सगळा भात या रानटी भातातून आला. नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी चीनमधल्या यांगत्से नदीच्या खोऱ्यात माणसं पाणथळीतला भात गोळा करू लागली. रानटी भाताची खोड अशी की दाणा पिकला की लगेच गळून पाण्यात पडतो. झाडाच्या दृष्टीने हेच शहाणपणाचं, पण टोपली घेऊन गेलेल्या बाईच्या हाती काय लागणार? ज्या लोंब्यांचे दाणे जरा घट्ट धरून होते, तेच घरी आले. त्यातलेच काही पेरले गेले. असं पिढ्यान् पिढ्या होत होत न गळणारा भात तयार झाला. हे गळणं थांबण्यामागे एका जनुकातला अगदी बारीक बदल मोठं काम करून गेला, हे २००६ साली उलगडलं. (जनुक म्हणजे बीजातली ती नोंद, जी ठरवते की दाणा लाल की पांढरा, रोप उंच की बुटकं.) टोपली घेऊन जाणारे हात बायांचेच असणार असं मला वाटतं. लिहून ठेवलेलं कुठे नाही, पण आजही रानभाजी आणायला कोण जातं ते बघा.

मात्र या निवडीत एक गोष्ट मागे राहिली. समजा, कोठीभर मिसळीचं धान्य आहे, त्यात पन्नास तऱ्हेचे दाणे आहेत. तुम्ही त्यातली एक मूठ घेतली आणि तेवढ्यावर पुढची सगळी शेती केली. मुठीत फार तर पंधरा-वीस तऱ्हा आल्या. बाकीच्या कोठीतच राहिल्या. आपला लागवडीचा भात म्हणजे ती मूठ. कोठी अजून पाणथळीत उभी आहे. थंडी सोसण्याची ताकद, रोगाशी झुंजण्याची ताकद, पाण्यात बुडून टिकण्याची ताकद, असलं बरंच काही तिथे राहून गेलं. त्याची आठवण आपल्याला संकट आल्यावरच होते.

असं एक संकट १९७० च्या आसपास आलं. फिलिपिन्समधल्या लॉस बान्योस इथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली होती. १९६६ मध्ये तिने आयआर-८ हा बुटका, भरघोस वाण दिला. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने 'हायब्रीड आलं' म्हणून ज्याची चर्चा केली, त्यातला हा एक. खरं तर तो हायब्रीड नव्हता, सुधारित वाण होता, पण ते असो. सगळीकडे एकसारखा भात आणि वर्षातून दोन-तीनदा पीक. तपकिरी तुडतुड्यांना मेजवानीच मिळाली. या तुडतुड्यांनी ग्रासी स्टंट नावाचा विषाणूरोग पसरवला. रोप गवतासारखं खुरटतं, फुटवे भरपूर येतात, लोंबी मात्र येत नाही. इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, श्रीलंका आणि आपल्याकडेही शेतंच्या शेतं गेली.

संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साठवणीतले सहा हजारांहून जास्त भाताचे नमुने तपासले. प्रत्येकाची रोपं करायची, त्यावर रोगी तुडतुडे सोडायचे, वाट बघायची. सगळी रोपं खुरटली. तगला तो एकच नमुना, उत्तर प्रदेशातल्या गोंडा भागातून आणलेल्या नीवाराचा. त्या नमुन्यातलीही सगळी रोपं नाहीत, मोजकीच. डॉ. गुरदेव खुश हे पंजाबातल्या खेड्यात जन्मलेले शास्त्रज्ञ तिथे काम करत होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुण चांगल्या वाणांत आणला. १९७४ मध्ये असे पहिले वाण आले, १९७६ मध्ये आयआर-३६ आला. हा पुढे जगात एक कोटी दहा लाख हेक्टरवर लावला गेला. १९९६ मध्ये डॉ. खुश यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता विचार करा. गोंड्याकडच्या कुठल्याशा डबक्यातलं ते गवत, म्हशीने खाल्लं असतं तरी कोणाला पत्ता लागला नसता. कोणीतरी चिमूटभर बी पाकिटात घालून ठेवलं म्हणून ते राहिलं.

दुसरी गोष्ट चीनमधली. युआन लाँगपिंग हे हुनान प्रांतातल्या एका कृषी शाळेत शिक्षक होते. त्यांना भाताचा खराखुरा संकर करायचा होता, दोन वेगळ्या वाणांचं लग्न लावून मिळणारं जोमदार बी. अडचण अशी की भाताच्या एकाच इवल्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात आणि फूल स्वतःच स्वतःला फळवतं. कपाशीचं संकरित बी करताना मुली एकेका फुलातले पुंकेसर नखाने काढतात, ते तुमच्यापैकी कोणी केलंही असेल. भाताच्या लाखो फुलांत ते कसं करणार? म्हणून ज्याचे पराग मुळातच निकामी आहेत असं रोप हवं होतं. १९६४ पासून ते शोधत होते.

नोव्हेंबर १९७० मध्ये चीनच्या दक्षिण टोकाच्या हैनान बेटावर त्यांचा शिष्य ली बिहू आणि तिथल्या शेतीफार्मवरचा तंत्रज्ञ फंग कशान असे दोघं दलदलीत रानटी भात बघत फिरत होते. फुलोऱ्यात आलेल्या भाताच्या एका झुबक्यात काही लोंब्यांचे परागकोश बारीक, सुकल्यासारखे होते, त्यांतून पराग सांडत नव्हते. त्यांनी ते रोप मुळासकट खणून आणलं. युआन तेव्हा बीजिंगला होते, कळताच परतले. रोपाचं नाव ठेवलं 'ये-बाय', म्हणजे रानातलं, पराग निकामी असलेलं. आपल्या कानाला ते 'ये गं बाय' अशी हाक मारल्यासारखंच लागतं. या रोपात कमतरता नराच्या बाजूची होती, दाणा भरायला आई पूर्ण समर्थ होती. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे मूल होत नसलं की बोट आधी बाईकडे जातं.

या 'बाय'पासून १९७३ पर्यंत संकरित भाताची पद्धत बसली आणि १९७६ पासून मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली. पुढे चीनच्या जवळजवळ निम्म्या भातक्षेत्रावर संकरित भात आला.

आणि इथे आपला संबंध येतो. पराग निकामी असण्याचा हा गुण पेशीच्या ज्या भागात बसलेला असतो, तो भाग फक्त आईकडून मिळतो. बाप कोणताही असो, आईचीच ओळ चालते. रायगडातल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्राने १९९८ मध्ये 'सह्याद्री' हा संकरित भात दिला. त्याच्या बियाण्याची मातृओळ आयआर-५८०२५-ए ही आहे आणि तिच्यात हैनानच्या त्या रानटी रोपाचीच आईची ओळ आहे. म्हणजे सह्याद्रीच्या रोपाला आई कोण, तिची आई कोण, असं विचारत गेलं तर आपण हैनानच्या दलदलीत जाऊन पोचतो. आडनाव बदललं तरी माहेर सुटत नाही, तसं.

अर्थात एकाच आईवर सगळं सोपवणंही धोक्याचं. अमेरिकेत १९७० साली संकरित मक्यावर करपा आला. तिथल्या बहुतेक मक्याची मातृओळ एकच होती आणि नेमकी तीच त्या करप्याला बळी पडणारी निघाली. एका हंगामात देशाचं सुमारे पंधरा टक्के पीक गेलं. म्हणून शास्त्रज्ञ नव्या आया शोधायला पुन्हा पाणथळीकडेच जातात.

पण पाणथळी राहिल्यात का? तैवानची हकीकत ऐका. तिथे ताओयुआन भागात रानटी भाताची वस्ती होती, १९२० च्या दशकात तिची नोंद झाली. १९७९ मध्ये तिच्यावर एक शोधनिबंध आला, त्याचा विषयच होता तैवानमधल्या रानटी भाताचा अंत. तळी बुजली, पाण्याची व्यवस्था बदलली, हे तर झालंच. पण आणखी एक कारण निघालं, जे ऐकून मी थोडी थबकले. या रानटी भाताला चारी बाजूंनी लागवडीच्या भाताने वेढलं होतं. वारा सुटला की शेतातला पराग तळ्यात. शेत मोठं, तळं लहान. दर पिढीत रानटी भातात शेतातलं रक्त जास्त जास्त मिसळत गेलं. दाण्याचं लांब कुसळ कमी झालं, गळणं कमी झालं, बी भरेनासं झालं. लांबून बघणाऱ्याला तळ्यात भात दिसतच होता, पण तो आता ना शेतातला ना रानातला. शेतातल्यासारखी त्याची काळजी घेणारा कोणी नव्हता आणि रानातल्यासारखं तगायची त्याची ताकद गेली होती. असा तो संपला. कुऱ्हाड चालली नाही, आग लागली नाही.

उलट दिशेनेही हे होतं. रानटी पराग शेतात आला की खाचरात गळका भात माजतो. छत्तीसगडात त्याला करगा म्हणतात. लहानपणी तो आणि खरं रोप सारखंच दिसतं, म्हणून तिथे जांभळ्या पानांचं वाण लावायची युक्ती आहे. हिरवं दिसलं की उपटायचं. तेव्हा शेतकरी बाई रानटी भाताचा राग करते, तो काही उगाच नाही. खाचरातला उपटावाच लागतो. तळ्यातला ठेवावा, एवढाच माझा मुद्दा.

चीनमधल्या जियांगशी प्रांतात दोंगश्यांग नावाचा परगणा आहे. तिथे १९७८ मध्ये रानटी भात सापडला तेव्हा सगळे चकित झाले, कारण इतक्या उत्तरेला, इतक्या थंडीत तो असेल असं वाटलं नव्हतं. हिवाळ्यात उणे १२.८ अंशांपर्यंत पारा उतरला तरी त्याचे बुडखे जमिनीत जिवंत राहतात आणि वसंतात फुटतात. लागवडीच्या भाताला एवढी थंडी कुठली सोसायला? शोध लागला तेव्हा तिथे नऊ वस्त्या होत्या. आता तीन उरल्या आहेत. १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांनी काही जागांना चक्क भिंत घातली. गुरं थांबली, नांगर थांबला. पराग थांबत नाही. चीनमध्येच २००३ मध्ये शेतावर प्रयोग करून मोजलं, तेव्हा लागवडीच्या भाताचा पराग ४३ मीटरपर्यंतच्या रानटी रोपांना फळवतो असं दिसलं. म्हणून नुसत्या भिंतीपेक्षा सभोवार भात न लावलेला पट्टा महत्त्वाचा.

पण त्या पट्ट्यात शेतकऱ्याने खायचं काय? २००७ ते २०१३ या काळात चीनमध्ये भात, गहू, सोयाबीनच्या रानटी नातेवाइकांसाठी एक मोठा प्रकल्प झाला. त्यात भर भिंतींवर न देता गावातल्या लोकांना उपजीविकेचे दुसरे मार्ग मिळवून देण्यावर दिला. मला हे जास्त पटतं. बचतगटाचं काम करताना बारा वर्षांत एवढं कळलं की रिकाम्या पोटी कोणी काही जपत नाही.

आता आपल्या तळ्यांकडे येऊ. भंडारा-गोंदियात मालगुजारांच्या काळातले शेकडो तलाव आहेत, त्यांना मामा तलाव म्हणतात. तिथल्या धीवर लोकांनी आणि बचतगटांतल्या बायांनी काही तलावांतली बेशरम उपटली आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या, मासे परत आले. आपल्या कोकणात मात्र मी वेगळंच बघते. तळं खोल करायचं म्हणून जेसीबी येतो आणि काठ भिंतीसारखा उभा कापून जातो. पाणी साठतं, ते चांगलंच. पण देवभाताला उतरता, चिखलाचा, गुडघाभर पाण्याचा काठ लागतो. तो गेला की तोही गेला. एका वाडीत मी विचारलं तर आजी म्हणाल्या, "अगो, आता पंचमीला बाजारातनं इकत आणतो." कुठून येतो तो, त्यांना माहीत नव्हतं. मलाही विकणाऱ्याने धड सांगितलं नाही.

गाळ काढायचाच असेल तर एक बाजू उतरती सोडा, असं ग्रामसभेत सांगता येतं. दुसरंही एक हत्यार आपल्याकडे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. समितीत बायाही असतात. आपल्या पंचायतीची नोंदवही मागून बघा. आंबा, फणस, साग सगळीकडे लिहिलेलं असतं. देवभात फारसा कुठे दिसत नाही. तो कुठल्या तळ्यात आहे, कुठल्या काठाला आहे, किती जागेत आहे, जवळची खाचरं किती पावलांवर आहेत, एवढं लिहून घ्यायला अर्धा दिवस पुरे. ओळखायचा कसा? लोंबी सुटी-सुटी, दाण्याला बोटाएवढं कुसळ, टरफल काळपट, आत तांदूळ लालसर आणि हात लावताच दाणा गळतो.

कोणाला थोडं बी जपून ठेवायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बाराही महिने टिकणारा रानटी भात बुडख्यातून फुटवे काढत पसरतो. तळ्याची एक बाजू भरून शंभर झाडं दिसली तरी ती एकाच आईचे फुटवे असू शकतात. आपल्या हजेरीपटावर वीस नावं असावीत आणि सह्या एकाच घरातल्या निघाव्यात, तसं. २००१ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून रानटी भाताच्या वस्त्यांत हे असं असल्याचं दाखवलं. म्हणून एकाच झुबक्यातून ओंजळभर बी घेण्यापेक्षा तळ्याला फेरी मारायची आणि लांब लांबच्या जागांवरून चार-चार दाणे घ्यायचे. दुसऱ्या तळ्याचं बी वेगळ्या पुडीत, वर तळ्याचं नाव आणि तारीख. सगळं ओरबाडायचं नाही, निम्म्याहून जास्त लोंब्यांना हातच लावायचा नाही. कुसळासकट सावलीत वाळवा. पेरून बघितलं आणि पहिल्या पावसात सगळं उगवलं नाही तर फेकून देऊ नका. या भाताचं काही बी मुद्दाम झोपून राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात उठतं.